दमाचा हिशेब

माझ्या आयुष्याची सुरुवातच मुळी दम खाण्याने झाली. जन्मल्याबरोबर मूल रडते, तसा मी रडलो नाही. नर्सबाईंनी पाय धरून उलटा केला, पाठीवर दोन चापट्या मारल्या, तेव्हा कुठे मी पहिला श्वास घेतला. हा प्रसंग आई आजही आल्यागेल्याला सांगते. "पहिल्यापासून असाच! सगळं जग कामाला लागलं तरी हा आपला दम खात बसलेला." पुढे मी बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा आमच्या शाखेतल्या खातेदारांचेही माझ्याविषयी हेच मत झाले. त्यात आईचा काही हात नव्हता.

काउंटरवर बसून माणूस पैशांचे हिशेब शिकतो, तसे शब्दांचेही शिकतो. 'दम' या दोन अक्षरी शब्दाचे खाते मी गेली कित्येक वर्षे बघतो आहे, पण ते अजून टॅली झालेले नाही. आता हेच बघा. भूक लागते तेव्हा आपल्याकडे भूक असते. झोप लागते तेव्हा झोप असते. पण दम लागतो तेव्हा दम नसतो! दम घेतला की बरे वाटते, पण तोच दम दुसऱ्याने दिला की बरे वाटत नाही. आमचे साहेब मला दम देतात. नियमाप्रमाणे त्यांच्या खात्यातून दम वजा व्हायला हवा आणि माझ्या खात्यात जमा व्हायला हवा. प्रत्यक्षात साहेब होते त्याहून दमदार होतात आणि माझ्याजवळ होता नव्हता तेवढा दमही निघून जातो. डबल एन्ट्रीच्या कुठल्याही पुस्तकात हा व्यवहार बसत नाही. शिवाय दम धरायचा असतो, भरायचा असतो, काही मंडळी तो मारतातही. स्वयंपाकघरात बटाट्यालासुद्धा दम देतात. भांड्याचे तोंड घट्ट बंद करून मंद आचेवर कोंडून ठेवले की बटाटा मऊ होतो. साहेब लोकांनी आपली कार्यपद्धती तिथूनच उचलली असावी.

हा दम फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ सरळ श्वास. आपल्याकडे संस्कृतातला एक दम आधीपासून राहत होताच, शम-दमातला. त्याचा अर्थ इंद्रियांना आवर घालणे. एक दम श्वास सोडणारा, दुसरा स्वतःला रोखून धरणारा. मराठीने दोघांना एकाच खोलीत जागा दिली. चाळीत वाढलेल्या भाषेला असल्या अडचणीची सवय असते.

पण श्वास कमी पडण्याचे सगळेच शब्द सारखे नसतात. धाप लागणे, धपापणे, हाश्शहुश्श करणे, ऊर फुटणे हे एका बाजूचे शब्द. इथे माणसाने काहीतरी केलेले असते. जिना चढला, गाडी पकडायला धावला, सिलिंडर उचलला. होती ती हवा खर्च झाली, थोडे थांबले की परत जमा होते. चरकसंहितेत श्वासाचे पाच विकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. श्रमाने लागणारी साधी धाप ही यांतली क्षुद्र. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी पोचताना मला जी लागते ती हीच. चरकाने मला न बघता माझे इतके अचूक वर्णन केलेले पाहून मी थक्क झालो.

दुसऱ्या बाजूचे शब्द वेगळे. गुदमरणे, घुसमटणे, कोंडमारा होणे, जीव घाबरा होणे. इथे माणसाने काही केलेले नसते. हवा बाहेर भरपूर असते आणि ती आपल्यापर्यंत येत नाही. थांबून उपयोग नसतो, कारण आपण थांबलेलेच असतो.

आता आली का पंचाईत! हे दुसऱ्या जातीचे शब्द आपण छातीसाठी वापरतो आणि मनासाठीही. मग समोरचा माणूस "गुदमरायला होतंय" म्हणाला, तर त्याला डॉक्टरकडे न्यायचे की चौपाटीवर? हा प्रश्न तुम्हाला विनोदी वाटेल. मलाही वाटत होता.

मी रोज सकाळी डोंबिवलीहून मुंबईची गाडी धरतो. रेल्वेच्या दप्तरी या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे भारदस्त नाव आहे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे. चौरस मीटर म्हणजे कॅरमबोर्डापेक्षा जराशी मोठी जागा. कॅरमबोर्डावर १९ सोंगट्या आरामात राहतात हे खरे, पण सोंगट्यांना डबा, छत्री आणि राजकीय मते नसतात. एवढ्या गर्दीत, जिथे शेजाऱ्याने सोडलेला श्वास आपण घेतो आणि आपण सोडलेला पलीकडचा घेतो, तिथे आमचे भजनी मंडळ टाळ काढून वरच्या पट्टीत भजन म्हणते. घुसमट होते म्हणून तक्रार करणारा माणूस मी त्या डब्यात आजवर पाहिला नाही. आणि हाच माणूस रविवारी आपल्या घरच्या खिडकीत, वाऱ्याच्या झुळकीत बसून म्हणतो, "जीव गुदमरतो हो!" तेव्हा हवेचा आणि गुदमरण्याचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही, एवढे मला बरेच आधी कळायला हवे होते. ते कळले नाही.

सौ. एकदा म्हणाली, "अहो, या घरात माझी घुसमट होते हो."

मी बँकेचा माणूस. बँकेत स्ट्राँगरूमलासुद्धा हवा खेळावी म्हणून भिंतीत व्हेंटिलेटर बसवलेला असतो. नोटांची एवढी काळजी घेणाऱ्या संस्थेत उभे आयुष्य काढल्यावर घुसमटीवरचा उपाय मला तोंडपाठ होता. मी स्वयंपाकघराकडे पाहिले. आठ बाय सहाची खोली, फोडणीचा ठसका, एकुलती एक खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून रुसलेली. पुढच्या रविवारी मी १२०० रुपयांचा एक्झॉस्ट फॅन आणला. भिंतीला भोक पाडायला इलेक्ट्रिशियन आणला. पंखा गरगर फिरू लागला, तेव्हा मी सौ.कडे विजयी मुद्रेने पाहिले.

ती म्हणाली, "बसवलात ते बरं केलंत. या घरातून निदान हवा तरी बाहेर जाऊ दे."

हे मी आठवडाभर कौतुकाचे वाक्य समजत होतो.

ही झाली पहिली चूक. दुसरी चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आले, तसा आमच्याकडेही आला. बँका चालूच होत्या. संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या आधी सौ. माझे बोट त्या चिमट्यात घालायची. ९८ आले की चहा, ९७ आले की प्रश्न. ते दिवस गेले, पण बोटावरच्या आकड्यावर बसलेला भरवसा माझ्या डोक्यातून गेला नाही. आकडा जुळला की माणूस बरा. कॉमर्सच्या पदवीधराला एवढे सोपे अध्यात्म दुसरीकडे कुठे मिळणार?

खरे म्हणजे त्याच काळात डॉक्टरांनी पाहिले होते, की काही रोग्यांचा आकडा पार खाली गेलेला असे आणि तरीही ते खाटेवर बसून फोनवर गप्पा मारत असत. त्यांना दम लागल्याचे जाणवतच नसे. कारण श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडल्यामुळे जितका, त्याहून जास्त कार्बन डायॉक्साईड साठल्यामुळे. म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचे खाते वेगळे आणि जीव घाबरण्याचे खाते वेगळे. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असे नाही. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, चारचौघांत सांगितलेही होते. फक्त घरी वापरले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आईने दुसरी उशी मागितली. पंधरा दिवसांनी तिसरी मागितली. मी म्हणालो, "आई, आता एकदम सिंहासनच आणतो."

"अरे, आडवं पडलं की जीव घाबरतो रे," आई म्हणाली.

आता आईचा जीव घाबरणे ही आमच्या घरातली रोजची गोष्ट. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरतो, कांद्याचा भाव ऐकून घाबरतो, मला यायला उशीर झाला की घाबरतो, आणि लवकर आलो तरी घाबरतो. (नोकरी गेली की काय!) इतक्या वेळा वटलेला चेक कोणी पुन्हा तपासून बघत नाही. तरी मी कर्तव्यदक्ष मुलगा. ऑक्सिमीटर काढला, तिच्या बोटाला लावला. ९६.

"हे बघ, तुझा बॅलन्स उत्तम आहे," मी म्हणालो.

आईने आधी यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग रात्री माझ्या जागी ते यंत्रच झोपव," ती म्हणाली आणि उशा रचू लागली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. आई खिडकीशी बसली होती. दोन्ही हातांनी गज धरले होते आणि तोंड उघडे टाकून ती बाहेरची हवा ओढत होती. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीची उपमा मी शाळेपासून वाचत आलो होतो. ती उपमा नाही, हे त्या रात्री पाहिले. सौ. तिच्या मागे उभी राहून पाठीवरून हात फिरवत होती. तिला जागे होऊन बराच वेळ झालेला दिसत होता.

"कधीपासून?" मी विचारले.

"आठ दिवस झाले. तुम्हाला जाग येत नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तुम्ही यंत्र लावलंत."

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला, "आजी, रात्री उशा किती घेता?" मला वाटले, हे माझ्यासारखेच थट्टेखोर दिसतात. पण त्यांनी आईचे "तीन" हे उत्तर कागदावर लिहून घेतले. मग हवा पुरत नाही असे वाटते, की छाती आवळते, की नुसती धाप लागते, हे एकेक करून विचारले आणि प्रत्येक उत्तर पुरे होईपर्यंत थांबले. आईच्या नडगीवर अंगठा दाबला. कणकेत बोट खुपसावे तशी खळी पडली आणि तशीच राहिली. त्यांनी मला समजावून सांगितले, की हृदयाचा पंप अशक्त झाला आहे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर छातीकडे परत येते, फुप्फुसे जड होतात, म्हणून झोपले की गुदमरते आणि उठून बसले की जरा बरे वाटते. बसल्या जागी लावलेल्या यंत्राला हे दिसले नाही. तिसऱ्या उशीने आईने हे केव्हाच सांगितले होते.

पुढे तपासण्या झाल्या, पाणी काढणारी गोळी सुरू झाली, मीठ कमी झाले. महिन्याभरात तिसरी उशी कपाटात गेली. आई अजून दोन उशा घेते. मी रोज सकाळी त्या मोजतो. पासबुकही मी इतक्या नियमाने कधी तपासले नव्हते.

पण मला झोप लागेना. हिशेबशास्त्रात एक चूक शिकवतात, तिला 'कॉम्पेन्सेटिंग एरर' म्हणतात. एका खात्यात शंभर रुपये जास्त लिहिले, दुसऱ्यात शंभर कमी, की दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. ट्रायल बॅलन्स चोख जुळतो आणि दोन्ही खाती खोटी असतात. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. घरी मी नेमके तेच करून बसलो होतो. बायको मनाचे सांगत होती, ते मी हवेच्या खात्यात टाकले आणि पंखा आणला. आई हवेचे सांगत होती, ते मी मनाच्या खात्यात टाकले आणि विनोद केला. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही, वर्षानुवर्षे ताळेबंद जुळलेला. आणि दोन बायका माझ्या शेजारी बसून गुदमरत होत्या.

मी मनाशी असे समजत होतो, की छातीतले गुदमरणे हे खरे आणि मनातले म्हणजे नुसता अलंकार. हा भेद कोणी केला? भाषेने तर केलेला नाही. इंग्रजीत काळजीला 'अँग्झायटी' म्हणतात आणि हृदयाच्या दुखण्याला 'अंजायना'. दोन्ही शब्द गळा आवळण्याच्या एकाच कुळातले. जिथे जिथे माणसाला दोन्ही दुःखे झाली, तिथे तिथे त्याने एकच शब्द वापरला. हे शब्दांच्या टंचाईमुळे झाले असेल असे मला आता वाटत नाही. दोन्हीकडे सारखेच वाटत असेल म्हणून झाले असेल.

उरलेले मला आमच्या शाखेतल्या एका पेन्शनर मास्तरांनी शिकवले. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला "आपण जिवंत आहात का?" हे लेखी विचारण्याचा अधिकार सरकारने आम्हाला दिला आहे. मास्तर सही करता करता म्हणाले, "श्वास चालू आहे हे मी लिहून देतो. विश्वासाचं तुम्ही बघा."

मी म्हणालो, "यमक छान जुळवलंत."

"यमक नव्हे हो, धातू एकच. श्वस् म्हणजे श्वास घेणे. विश्वास म्हणजे मोकळा श्वास घेता येणं, भीती न वाटणं. आणि आश्वासन म्हणजे ज्याचा श्वास अडकलाय, त्याला पुन्हा घेता येईल असं करणं."

आश्वासन या शब्दाचा असा अर्थ असेल हे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी तो निवडणुकीच्या आधी आणि पगारवाढीच्या वाटाघाटींत ऐकला होता आणि दोन्ही वेळा माझाच श्वास अडकला होता. पण मास्तर गेल्यावर मी पुढच्या खातेदाराला दोन मिनिटे तिष्ठत ठेवले. डॉक्टरांनी आईला गोळी नंतर दिली. त्याआधी त्यांनी तिच्या तीन उशा कागदावर लिहून घेतल्या, आणि त्याच क्षणी आईचे खांदे खाली आले होते, हे मी स्वतः पाहिले होते. कोणीतरी खरे मानले होते. तेवढ्याने फुप्फुसातले पाणी कमी होत नाही, हे मलाही कळते. पण न मानल्याने जी आणखी एक घुसमट वर चढते, ती उतरते. ती मी चढवलेली होती.

त्या रात्री मी सौ.ला विचारले, "तुझी घुसमट कशानं होते गं?"

"आता विचारताय?" ती म्हणाली. "पंखा बसवून सहा वर्षं झाली."

मग बराच वेळ ती गप्प होती. मी काही सुचवले नाही. डॉक्टर थांबले होते तसा थांबलो. शेवटी ती म्हणाली, "तसं दुःख काही नाही हो. पण नोकरी सोडल्यापासून मी या घरातून कुठं निघाले, की चपला घालेपर्यंत तिघंजण विचारतात, कुठं चाललीस? किती वेळ लागेल? येताना काय आणशील? महिन्यातून एकदा मला असं बाहेर पडायचंय, की कोणी काही विचारणार नाही."

मी थक्क झालो. एवढेच? पण 'एवढेच' हा शब्द मी तोंडाशी आलेला गिळला. ९६ चा आकडा मी असाच वाचला होता.

बँकांना २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. यांपैकी चौथा शनिवार आता सौ.चा. त्या दिवशी कुकर मी लावतो, आईच्या गोळ्या मी देतो, मुलांची भांडणे मी सोडवतो. चार वाजता ती साडी बदलते, पर्स घेते आणि निघते. कुठे जाते, मला माहीत नाही. कधी परतताना हातात मोगऱ्याचा गजरा असतो, कधी काहीच नसते, पण चेहरा मोकळा असतो.

न विचारणे हे किती कठीण काम आहे याची तुम्हाला कल्पना नाही. ती चपला घालत असते आणि "कुठं?" हा शब्द माझ्या नरड्यापर्यंत येऊन उभा राहतो. मी श्वास रोखून धरतो. दार बंद होते, पावले जिना उतरतात, आणि मग मी खिडकीशी जाऊन मोठ्याने सोडतो.

परवाच्या शनिवारी आईने ते पाहिले. दोन उशांना टेकून ती जप करत होती. माळ थांबवून म्हणाली, "काय रे? जीव घाबरतोय का?"

"नाही गं," मी म्हणालो, "जरा दम खातोय."

"पहिल्यापासून असाच," आई म्हणाली आणि पुन्हा माळ ओढू लागली.